हलक्या आर्मची सोयरीक

४ मार्च

प्रिय भावोजी,

नमस्कार. तुम्ही बरे आहात असं धरून चालते, कारण बरे नसता तेव्हा तुमचं पत्र आधी येतं आणि त्यात गोळ्यांची नावं चुकीची लिहिलेली असतात.

फोन करत नाही. मागच्या वेळी अर्धा तास मी गुडघ्याबद्दल बोलत होते आणि तुम्ही पावसापाण्याबद्दल. कानाचं यंत्र खणात ठेवून ऐकू येत नाही, ते कानात घालावं लागतं, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. शिवाय आज जे विचारायचंय त्यात आकडे आहेत, ते कागदावरच बरे.

ह्यांचा रेकॉर्ड प्लेअर मी काल कपाटावरून खाली काढला. हे गेल्यापासून सहा वर्षं तो चादरीत गुंडाळलेला होता. धूळ पुसली, वायर लावली, बटण दाबलं आणि काय सांगू, तबकडी फिरली! मी एकटीनेच स्वयंपाकघरात उभं राहून टाळ्या वाजवल्या. पण सुई नाही. सुई ज्या छोट्या डबीत बसते तिला कार्ट्रिज म्हणतात हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. ती डबी आहे, पण सुई मोडलेली आणि आतलं रबर पार कडक झालेलं. आमच्या इस्पितळात माझ्या औषधांच्या खिडकीसमोर चश्म्याचं दुकान आहे. तिथल्या चश्मेवाल्यांनी भिंगातून पाहून सांगितलं की ही डबी पूर्णच बदलावी लागेल.

तर मला एक परवडणारं कार्ट्रिज घ्यायचंय. चश्मेवाले म्हणतात की कुठलंही उचलून बसवलं असं होत नाही, ज्या लांब दांडीच्या टोकाला ते बसतं त्या टोनआर्मला ते जमायला हवं. आता हे जमणं म्हणजे काय ते मला काय कळणार? म्हणून तुम्हाला त्रास. इतकी वर्षं तुम्ही लोकांचे प्लेअर दुरुस्त केलेत, वहिनीचा एक करा.

मापं घेतली आहेत. जुनी डबी आमच्या औषधाच्या तराजूवर ५.२ ग्रॅम भरली, दोन स्क्रू मिळून ०.६. दांडी सरळ आहे, बारीक आहे, मागे गोल वजन आहे. चित्र सोबत जोडलंय. ते चश्मेवाल्यांनी काढलंय. त्यांचा हात फार स्थिर आहे.

२४ तारखेच्या रविवारपर्यंत जमलं पाहिजे. घाई अशी काही नाही. आपलं सहज.

तुमची,
वहिनी

ता. क. सोफ्यावर दोन माणसं बसली तर दोघांनाही सारखंच ऐकू येतं ना? की एकाने मधोमध बसावं लागतं?

&nbsp;

८ मार्च

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र दोनदा मनात वाचलं आणि एकदा मोठ्याने. मोठ्याने वाचलेलं मला पूर्ण ऐकू आलं, कारण त्यात काय आहे ते आधीच ठाऊक होतं. कानाच्या यंत्राचं रहस्य तेवढंच आहे.

चित्र पाहताच ओळखलं. अहो, तो आर्म मीच बसवला होता! तुमच्या लग्नाला वर्ष व्हायचं होतं. मी जमिनीवर मांडी घालून स्क्रू फिरवतोय आणि दादा पाठीमागे उभा राहून "हळू, हळू" करतोय. त्या हळू-हळूच्या नादात त्याने स्वतःचा चहा माझ्या पाठीवर ओतला. तुम्ही खोबरेल तेल लावायला धावलात, मग आठवलं की भाजल्यावर ते लावत नाहीत, म्हणून परत धावलात. इतक्या वर्षांत त्या प्लेअरची आठवण कोणी काढली नव्हती. मला फार आनंद झाला वहिनी.

आता कामाचं. तुमचा आर्म हलका आहे, आठ ग्रॅमचा धरा. हे आठ ग्रॅम तुमच्या तराजूवर सापडायचे नाहीत. आर्म हलताना सुईला त्याचा जो भार जाणवतो, तो हा. कार्ट्रिजच्या पोटात सुई एका इवल्याशा रबरावर झुलत असते. काहींचं रबर मऊ, काहींचं ताठ. हलक्या आर्मला मऊ रबर लागतं, जड आर्मला ताठ. ताठ रबर हलक्या आर्मला लावलं की गाण्यातला खर्ज आला की आर्मच अंगात आल्यासारखा थरथरतो. मऊ रबर जड आर्मला लावलं की तबकडी जराशी वाकडी असली तरी सगळं झोकांड्या खातं. कार्ट्रिज चांगलं, आर्म चांगला, आणि दोघं मिळून वाटोळं, अशी उदाहरणं मी शेकड्याने पाहिली आहेत. लग्नासारखंच आहे. दोघं आपापल्या जागी गुणी असून भागत नाही, एकमेकांना झेपली पाहिजेत. पण या वयात तुम्हाला लग्नाचं मी काय सांगणार!

दुकानदार तुम्हाला मूव्हिंग कॉईल नावाचं महागडं प्रकरण दाखवेल. बघा, वा म्हणा आणि परत द्या. त्याचा आवाज इतका बारीक असतो की तो वाढवायला आणखी एक डबा विकत घ्यावा लागतो, आणि सुई झिजली की सगळंच परत पाठवावं लागतं. तुम्ही मूव्हिंग मॅग्नेट मागा. त्याची सुई झिजली तर तेवढीच ओढून काढायची आणि नवी खुपसायची. वजन पाच-सहा ग्रॅमच्या आत हवं, नाहीतर मागचं गोल वजन पुरणार नाही. सुईचं टोक लंबगोल असेल तर बारीकसारीक सूर निघतात. गोल असेल तरी माझी हरकत नाही, गोल टोक जुन्या ओरखड्यांना फारसं मनाला लावून घेत नाही.

आणि वहिनी, ते "सहज" माझ्यापाशी लिहायचं नाही. मी ओळखलं. २ एप्रिलला दादाचा वाढदिवस. आठवडाभर आधी सगळं लावून बघायचं, म्हणून २४ तारीख. बरोबर ना?

तुमचा दीर

&nbsp;

१२ मार्च

प्रिय भावोजी,

लग्नाचा विषय तुम्ही कुठून काढलात? कोणी काही सांगितलं का? तुमचं पत्र मी औषधाच्या खिडकीतच उघडलं आणि ते वाक्य वाचून माझ्या हातातली कफ सिरपची बाटली एका आजोबांच्या पिशवीत पडली, त्यांना खरं तर मूळव्याधीचं मलम हवं होतं. मग पुन्हा वाचलं, तेव्हा लक्षात आलं की तुम्ही आर्मबद्दल बोलत होतात. असो. छान समजावलंत.

काल दुकानात जाऊन आले. गळ्यात हेडफोन अडकवलेले पन्नाशीचे गृहस्थ होते. तुमचं भाकीत तंतोतंत खरं. आधी त्यांनी लाकडी पेटीतून सोनेरी मूव्हिंग कॉईल काढलं आणि दोन्ही हातांवर असं ठेवलं की जणू आपण बारशालाच आलोय. किंमत ऐकून मी वा म्हटलं आणि परत दिलं. मग एक काळं धिप्पाड कार्ट्रिज दाखवलं. म्हणाले, "बाई, हे सगळ्यात जास्त खपतं. आपटा, धोपटा, काही होत नाही." स्वस्तही होतं. मी माझा तराजू पर्समधून काढला. ते बघतच राहिले. नऊ ग्रॅम भरलं. मी विचारलं, "रबर मऊ आहे की ताठ?" म्हणाले, "एकदम ताठ! दणकट!" मी म्हटलं, "मग आमच्याकडे ते टिकायचं नाही, आमचा आर्म नाजूक आहे." त्यांनी असं पाहिलं की जणू आर्म माझ्याच नात्यातला असावा.

तिसरं राखाडी रंगाचं, दिसायला अगदी सामान्य. ५.६ ग्रॅम. मूव्हिंग मॅग्नेट. मऊ रबर. टोक लंबगोल. किंमत सोनेरीच्या विसाव्या हिश्शाएवढी. सोबत चश्मेवाले होते, त्यांनी खिशातून भिंग काढून सुईचं टोक पाहिलं. दुकानदार आधी "हात लावायचा नाही" म्हणून गुरकावले, मग त्यांनी स्वतः भिंगातून पाहिलं आणि ओरडले, "अरे, खरंच लंबगोल आहे!" तीस वर्षं ते या सुया विकतायत. आम्ही तिघंही आळीपाळीने पाहत बसलो, गिऱ्हाईकं खोळंबली.

आम्हाला तिसरं आवडलं. घेऊ ना?

वाढदिवस माझ्या लक्षात आहे, भावोजी.

तुमची,
वहिनी

&nbsp;

१५ मार्च

प्रिय वहिनी,

घ्या! डोळे मिटून घ्या. हलका आर्म, मऊ रबर, मागच्या वजनाला पेलेल असा भार. तुमच्या जागी मी असतो तरी हेच उचललं असतं, फक्त तराजू न्यायचं मला सुचलं नसतं.

मागे चार तारा असतात: पांढरी, निळी, तांबडी, हिरवी. कार्ट्रिजच्या पाठीवरच्या खुणा बघून ज्याची त्याला लावा, ओढाताण करू नका. बसवायच्या कोनाचा छापील कागद सोबत पाठवतोय, त्यावरच्या दोन्ही ठिपक्यांवर सुई सरळ बसली पाहिजे. मग मागचं गोल वजन फिरवून आर्म हवेत आडवा तरंगू दे, तिथे शून्य धरा आणि तिथून पुढे कंपनीने सांगितलेला भार द्या. या कार्ट्रिजला तो दोन ग्रॅम असतो. दोन म्हणजे दोन.

"आम्हाला तिसरं आवडलं" असं लिहिलंत तुम्ही. मी चष्मा काढून पुसला. सहा वर्षांनंतरही तुम्ही दादाला बरोबर घेऊनच दुकानात जाता. एवढं कोणी कोणासाठी करत नाही वहिनी. माझं ठरलं. २ एप्रिलच्या सकाळच्या बसने मी येतो. दादाचा वाढदिवस आपण दोघं मिळून ऐकू. मला जेवढं ऐकू येईल तेवढं.

तुमचा दीर

&nbsp;

१८ मार्च
(हे पत्र पाठवलं नाही)

प्रिय भावोजी,

"आम्ही" म्हणजे हे नव्हेत. "आम्ही" म्हणजे मी आणि चश्मेवाले.

लिहिलं एकदाचं. आता हे टपालात टाकायचं धाडस कुठून आणू?

गेल्या पावसाळ्यापासून हा माणूस रोज माझ्या खिडकीवर येऊन डोळ्यांचे थेंब घेतो. रोज! इतके थेंब घालणाऱ्याचे डोळे एव्हाना वाहून गेले असते. शेवटी मी विचारलं, "नेमकं काय होतंय तुम्हाला?" तर म्हणाले, "तेच बघायला येतो." मी आतल्या कपाटाशी जाऊन औषधांवरच्या तारखा तपासायचं नाटक केलं आणि पाच मिनिटं हसत उभी राहिले. त्यांच्याकडे एक रेकॉर्ड आहे. तरुणपणी ते एका नाचाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. बँडची एकच तबकडी निघाली आणि तिच्यात अकरा सेकंद ते एकटे वाजवतात. वाजवायला यंत्र नाही म्हणून त्यांनी ती बत्तीस वर्षं ऐकली नाही. मी तोंडातून बोलून गेले, "माझ्याकडे आहे की! उत्तम चालतं!" तेव्हा ते कपाटावर चादरीत होतं. आता कळलं ना, २४ तारीख कसली ते?

मला हा माणूस हवा आहे भावोजी. पण तुम्ही मला वहिनी म्हणता. आई-वडील गेले, हे गेले, मूलबाळ नाही. मला नात्याने हाक मारणारं जगात तुमच्याशिवाय कोणी उरलेलं नाही. चश्मेवाल्यांशी लग्न केलं तर मी तुमची कोण? हे विचारायची मला भीती वाटते, म्हणून मी तुम्हाला कार्ट्रिजबद्दल विचारत बसले.

&nbsp;

२५ मार्च

प्रिय भावोजी,

आधी बसून घ्या. आठवड्यापूर्वी तुम्हाला एक पत्र लिहिलं होतं, ते खणात राहिलं. ते सोबत घातलंय. आधी ते वाचा, मग पुढे.

वाचलंत? चिडला असाल. चिडा. पण कालचं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, आणि सांगायला तुमच्याशिवाय कोणी नाही. असली पंचाईत कुणावर येऊ नये.

चश्मेवाले बरोबर चारला आले. इस्त्रीचा शर्ट, बगलेत तबकडी, खिशात भिंग. मी चार दिवस आधीपासून तयार. कार्ट्रिज कागदावरच्या ठिपक्यांवर बसवलं होतं, चारही तारा ज्या त्या जागी. आम्ही सोफ्यावर बसलो. मध्ये उशी होती. गाणं सुरू झालं आणि भावोजी, घर भरून गेलं! व्हायोलिनं काय, ढोल काय. चश्मेवाले म्हणाले, "आता येईल बघा, आता मी येईन." आणि ते यायच्या क्षणी सुई चर्रर्र करून पुढच्या गाण्यावर.

परत लावलं. परत तिथेच. हळू भाग अगदी सुरेख वाजायचा, पण ट्रम्पेट फुंकला रे फुंकला की सुई पळायची. सहा वेळा लावलं. सहाव्या वेळी ते एवढंसं तोंड करून म्हणाले, "बहुतेक मीच नको आहे तिला." मला रडूच यायचं बाकी होतं. मग त्यांनी भिंग काढलं, गुडघ्यांवर बसले आणि सुईकडे बघत विचारलं, "भार किती ठेवलाय?"

मी म्हटलं, "एक ग्रॅम."

आता ओरडू नका. तुम्ही दोन लिहिलं होतंत. दोन म्हणजे दोन, असंही लिहिलं होतंत. पण पस्तीस वर्षं मी औषधं देते. कुठलंही नवं औषध कमीत कमी मात्रेत सुरू करायचं, सोसतंय असं दिसलं की वाढवायचं, हे माझ्या हाडात आहे. मला वाटलं, बिचाऱ्यांची बत्तीस वर्षांची तबकडी, दोन ग्रॅमने ओरखडे पडायचे, एकच ठेवूया, कमी तेवढं बरं. चश्मेवाल्यांनी मला भिंगातून दाखवलं. सुई खाचेत बसतच नव्हती. मोठा आवाज आला की खाचेच्या भिंतींवर आपटून वर उडत होती. मी जपायला गेले आणि उलट तबकडीच खरवडत होते.

दोन ग्रॅम केले. मी वजन फिरवत होते, ते तराजू धरून बसले होते, आमची डोकी एकमेकांवर आपटली, दोघांनीही एकदमच "माफ करा" म्हटलं. मग परत सोफा. उशी कुठे गेली ते मला माहीत नाही. व्हायोलिनं, ढोल, आणि आला भावोजी, ट्रम्पेट आला! पूर्ण अकरा सेकंद. सुई जागची हलली नाही.

आणि इतकं वाईट वाजवलंय! इतकं बेसूर! दुसऱ्या सेकंदाला जो सूर घसरला तो शेवटपर्यंत कुणाच्या हाती लागला नाही. ते कानाला हात लावून म्हणाले, "हे बत्तीस वर्षं मी माझं सर्वोत्तम काम म्हणून सांगत आलो!" मग आम्ही जे हसत सुटलो ते खालच्या मजल्यावरच्यांनी येऊन दार वाजवेपर्यंत. मी डोळे पुसत म्हटलं, "तुम्ही आता परत जाऊच नका." ते म्हणाले, "म्हणजे? जेवून जाऊ?" मी म्हटलं, "नाही. जाऊच नका." त्यांना कळायला ट्रम्पेटपेक्षा जास्त वेळ लागला. कळल्यावर त्यांनी चष्मा काढला, घातला, परत काढला. म्हणाले, "मी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी नीट ऐकलं."

तर मी लग्न करतेय. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, बेसूर माणसाशी. आज सकाळपासून मी तीन जणांना चुकीची औषधं देता देता राहिले.

२ तारखेला तुम्ही या. त्या दिवशी घरात मी एकटीच असेन. ह्यांच्या सगळ्या तबकड्या काढून पुसून ठेवल्या आहेत. तुम्हाला जे बोलायचंय ते मला समोर बसून बोला. पण या.

तुमची,
(काय लिहू, ते तुम्ही सांगा.)

&nbsp;

३ एप्रिल

भावोजी,

तुम्ही आला नाहीत.

सकाळच्या बसला मी थांब्यावर होते. दुपारच्या बसलाही. ड्रायव्हरला विचारलं, एक उंच, किडकिडीत, कानाचं यंत्र न घातलेले गृहस्थ चढले होते का. तो म्हणाला, "यंत्र घातलं नाही हे बघून कसं कळणार बाई?" त्याचंही बरोबर होतं.

घरी येऊन ह्यांची आवडती तबकडी लावली. तुमच्या दोन ग्रॅमवर. सुरेख वाजली. मी एकटीने पूर्ण ऐकली.

२७ तारखेला शनिवारी सकाळी अकराला नोंदणी कचेरीत जायचंय. तीन साक्षीदार लागतात. त्यांच्या बाजूने त्यांची बहीण आणि तिचे यजमान आहेत. माझ्या बाजूचा रकाना मी कोरा ठेवलाय. कचेरीतली बाई म्हणाली की शेजारीपाजारी कोणी चालेल. मी तिला सांगितलं, थोडं थांबू.

तुम्ही रागावला असाल तर तसं लिहा. रागाचं पत्र मी नीट वाचेन. पण गप्प बसू नका, ते मला सोसत नाही.

&nbsp;

८ एप्रिल

वहिनी,

एक ग्रॅम!

मला आधी हे लिहू द्या, त्याशिवाय पुढे सरकता यायचं नाही. दोन म्हणजे दोन असं मी अक्षर मोठं करून लिहिलं होतं. त्याखाली रेघ मारायची राहिली, ही माझी चूक. अहो, कमी भाराने तबकडीचं जेवढं वाटोळं होतं तेवढं थोड्या जास्त भाराने होत नाही. सुई दाबून बसली तर ती नुसती खाचेतून जाते. उडती राहिली तर जाईल तिथे ओरबाडते. हे मी कितीतरी पांढरपेशा, जपून वागणाऱ्या लोकांना सांगून थकलो. माझी सख्खी वहिनी त्यांतलीच निघावी! सहा वेळा वाजवली म्हणता? त्या बिचाऱ्याचं ट्रम्पेट आधीच बेसूर, त्यात तुम्ही सहा वेळा रंधा मारलात. त्याला सांगा, निम्मा बेसूरपणा वहिनींच्या खात्यावर टाक.

आता दुसरं. हे लिहायला आठ दिवस लागले.

मी २ तारखेला निघालो होतो. इस्त्रीचा शर्ट मीही घातला होता. यंत्रसुद्धा कानात होतं. थांब्यावर बसलो, बस आली, लोक चढले, आणि माझे पाय उठेनात. दुसरी बस आली. तीही गेली. मग घरी परत आलो आणि दार लावून बसलो. तुम्ही त्या टोकाला थांब्यावर उभ्या होतात हे तुमच्या पत्रातून कळलं तेव्हा मला स्वतःची लाज वाटली.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. लग्नाचा नाही. तुम्ही मला महिनाभर कार्ट्रिजच्या गोष्टी सांगत बसलात आणि मी इथे चष्मा पुसत बसलो, त्याचा. मला मूर्ख बनवलंत. पण राग दोन दिवसांत उतरला. मग जे उरलं ते रागापेक्षा वाईट होतं. मला भीती वाटत होती वहिनी. मी लग्न केलं नाही, दादा गेला, कान गेले. महिन्याला एक पत्र येतं, ज्यात कोणीतरी मला यंत्र घालायला सांगतं. तुमचं नवं घर झालं की ते पत्र कोणत्या नात्याने येणार? दादामुळे तुम्ही माझ्या होतात. दादा मधून निघाला की मग काय, हा हिशेब मला सुटत नव्हता. तुम्ही खणात ठेवलेल्या पत्रात अगदी हाच प्रश्न होता, शब्दाला शब्द. आपण दोघं दोन टोकांना बसून एकाच गोष्टीला भीत होतो आणि टपालखात्याची भर करत होतो.

काल मी तुमच्या नोंदणी कचेरीला फोन केला. यंत्र घालून. साक्षीदाराने काय काय आणायचं ते विचारलं. बाई चांगली होती, तीनदा सांगितलं. ओळखपत्र, दोन फोटो आणि फॉर्म. फॉर्मात "वधूशी नाते" असा एक रकाना असतो म्हणाली. तिथे काय लिहायचं म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, "दीर." ती म्हणाली, "वराचे भाऊ का?" मी म्हटलं, "नाही, आधीच्या वराचा." बाईने ते मला दोनदा म्हणायला लावलं, मला वाटलं यंत्र तिलाच हवं. मग म्हणाली, "काका, तुमचं तुम्ही ठरवा आणि एकच काहीतरी लिहा. खाडाखोड चालत नाही."

मी रात्रभर वगैरे विचार केला नाही. फोन ठेवता ठेवताच ठरलं, आणि आज सकाळी इथल्या कचेरीतून फॉर्मही आणला.

२६ तारखेच्या दुपारच्या बसने येतोय. या वेळी चढणार. त्या चश्मेवाल्यांना सांग की मी त्यांना दाजी म्हणणार आहे, आणि दाजींच्या आवाजावर माझा काही भरवसा नाही, तेव्हा मी यंत्र काढून ठेवलं तर राग मानू नये. आणि मला आता भावोजी म्हणायचं नाही. नावाने हाक मार, नाहीतर लहानपणी घरात मला मारायचे ती, दादाने तुला सांगितलेली हाक मार. हो, "तू" लिहितोय. चुकून नाही. वहिनीला मी जन्मभर अहो-जाहो केलं, पण ताईला कोणी अहो-जाहो करत नाही.

रकान्यात मी "भाऊ" लिहिलंय. पेनाने लिहिलंय, ताई.